मेटल डिटेक्टर ऐकायला शिकावा लागतो

मॉलच्या दारात किंवा गणेशोत्सवात मोठ्या मंडळाच्या मांडवापाशी अंगावरून फिरवला जाणारा मेटल डिटेक्टर एकाच प्रश्नाचं उत्तर देतो : धातू आहे की नाही. पट्ट्याचं बकल असो, चाव्यांचा जुडगा असो की सुरा, त्याच्या लेखी सगळं सारखंच; पुढचं काम पहारेकऱ्याच्या नजरेचं. शेतात, समुद्रकिनाऱ्यावर किंवा जुन्या रणभूमीवर चालणारा डिटेक्टर मात्र याच्या कितीतरी पुढे गेला आहे. तो एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर काम करतो, मातीतल्या लोहखनिजाचा गोंधळ वजा करतो, सापडलेल्या वस्तूला आकडा देतो, लोखंडासाठी खर्जातला आणि चांदी-तांब्यासाठी चढा सूर काढतो. इतकं सगळं यंत्रच करतं म्हटल्यावर माणसाने शिकायचं काय, असं कुणालाही वाटेल. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. प्रगत डिटेक्टर निर्णय घेत नाही, निर्णयाला लागणारी माहिती वाढवतो. आणि माहिती वाढली की ती वाचणाऱ्याची जबाबदारीही वाढते. साधं यंत्र दोन दिवसांत हाताला बसतं. प्रगत यंत्राला काही महिने द्यावे लागतात आणि ते देण्याची तयारी नसेल तर साधंच घेतलेलं बरं.

सुरुवात यंत्राच्या मर्यादेपासून करायला हवी, कारण शिकणाऱ्याच्या अपेक्षा तिथेच बिघडतात. डिटेक्टरच्या कॉइलमधून सतत बदलता वीजप्रवाह वाहतो आणि खालच्या जमिनीत चुंबकीय क्षेत्र पसरतं. वाटेत धातू आला की त्याच्यात इवले भोवरा-प्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र तयार होतं आणि ते कॉइलमधलं दुसरं वेटोळं टिपतं. कॉइलपासून जरा दूर गेलं की हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात ओसरतं आणि परत येताना पुन्हा घनाच्या प्रमाणात. म्हणजे लहान वस्तूची खोली दुप्पट झाली तर सिग्नल ढोबळमानाने ६४ पटींनी कमी होतो. कितीही पैसे मोजले तरी हा हिशेब बदलत नाही. नाण्याएवढ्या वस्तूसाठी फूटभर खोली म्हणजे चांगल्या यंत्राचीही मोठी मजल. शेकडो फुटांवरचं सोनं दाखवणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती या एका गणितावरच निकालात निघतात. गेल्या काही दशकांतली खरी प्रगती झाली ती खोलीत कमी आणि वेगळेपणा ओळखण्यात जास्त. परतलेला प्रतिसाद मूळ लहरीच्या किती मागे पडला, यावरून धातूच्या जातीचा अंदाज बांधता येतो. अनेक फ्रिक्वेन्सी एकदम वापरल्या की तो अंदाज अधिक भरवशाचा होतो. पण राहतो तो अंदाजच.

हा अंदाज पडद्यावर आकड्याच्या रूपात उमटतो आणि नवशिक्याची फसगत इथेच होते. ऑस्ट्रेलियाच्या मिनलॅब कंपनीचा २०१८च्या सुमाराचा इक्विनॉक्स ८०० घेतला, तर त्याचे आकडे उणे ९ पासून ४० पर्यंत जातात. शून्य आणि त्याखालचे आकडे लोखंडाचे, वरचे इतर धातूंचे. पण आकडा म्हणजे धातूचं नाव नव्हे. वस्तूची वाहकता, आकार, जाडी आणि जमिनीतली तिची ठेवण या सगळ्यांची मिळून ती एक बेरीज असते. सोन्याची नाजूक अंगठी आणि चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी किंवा शीतपेयाच्या डब्याची कडी यांचे आकडे सहज एकमेकांत मिसळतात. कचऱ्याला कंटाळून तेवढे आकडे बंद करून टाकले, तर यंत्र शांत होतं खरं, पण अंगठ्याही त्यासोबत गेल्या. म्हणूनच जाणकार सुरुवातीच्या काळात काहीही वगळू नका, प्रत्येक सिग्नल खणून पाहा, असं सांगतात. आवाज ऐकायचा, आकडा पाहायचा, खाली काय असेल ते मनाशी ठरवायचं आणि मग खणून पडताळायचं. हा पडताळाच खरा अभ्यास. खणण्याआधी अंदाज न बांधणारा माणूस शेकडो खिळे काढूनही फारसं शिकत नाही.

एक सिग्नल जवळून पाहू. कॉइल जमिनीला समांतर, बोटभर उंचीवर, डावीकडून उजवीकडे सरकते आहे. झोक्याच्या दोन्ही टोकांना ती वर उचलली जाऊ नये. नवशिक्याचा हात तिथे हमखास उचलला जातो आणि कडेच्या वस्तू निसटतात. एका जागी चढा, स्वच्छ सूर येतो. आता त्या जागेभोवती पाव वळसा घ्यायचा आणि काटकोनातून पुन्हा कॉइल फिरवायची. सूर दोन्ही दिशांनी तसाच गोल आणि स्थिर राहिला, तर आडवं पडलेलं नाणं असण्याची शक्यता चांगली. दुसऱ्या दिशेने तो फुटला, खर्जात घसरला, तर बहुधा वाकलेला गंजका खिळा. लोखंड चुंबकीय असल्यामुळे ते कधीकधी चांदीसारखा आवाज काढतं. इथपर्यंत नियम सोपा वाटतो. पण खिळ्याशेजारी नाणं पडलं असेल तरीही सूर एकाच दिशेने चांगला येतो आणि दुसऱ्या दिशेने फुटतो! लक्षण एकच, कारणं दोन. मग कॉइलचा झोका आखूड आणि संथ करायचा, सुराची जागा वळल्यावर सरकते की तिथेच राहते ते पाहायचं, एका सिग्नलनंतर दुसऱ्यासाठी यंत्र किती चटकन मोकळं होतं ते सेटिंग वाढवून पाहायचं, हाताशी लहान कॉइल असेल तर ती लावायची. हे सगळं करूनही शेवटी खणावं की पुढे जावं हे माणूसच ठरवतो. यंत्राने दिलेला आवाज दोन्ही वेळा प्रामाणिकच होता.

माती हा दुसरा मोठा धडा. इंग्लंडच्या एखाद्या सौम्य मातीत जुळवलेलं यंत्र सह्याद्रीच्या काळ्या दगडावरच्या मातीत तसंच चालेल असं धरता येत नाही. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, कोकणातल्या जांभ्यात लोहाची ऑक्साइडं ठासून भरलेली असतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी वाळू आहे आणि खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू तर स्वतःच वीज वाहते. अशा जमिनीवर सेन्सिटिव्हिटी शेवटच्या आकड्यापर्यंत नेली की यंत्र जास्त खोल पाहील ही समजूत चुकीची आहे. ते जमिनीलाच धातू समजून बडबडू लागतं आणि त्या गलक्यात खरा क्षीण सिग्नल बुडून जातो. धातू नसलेल्या जागी कॉइल खाली-वर करत ग्राउंड बॅलन्स साधायचा, म्हणजे जमिनीचा स्वतःचा प्रतिसाद वजा करायचा, सेन्सिटिव्हिटी यंत्र शांत होईपर्यंत खाली आणायची आणि मग चालायला लागायचं, हा क्रम कंटाळवाणा वाटला तरी तो टाळून चालत नाही.

यंत्र बरोबर आणि वाचन चूक, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण खूप जुनं आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युत-प्रवर्तनाच्या तत्त्वावरचं उपकरण तयार केलं. चाचण्यांमध्ये ते चाललं, राष्ट्राध्यक्षांच्या शय्येपाशी मात्र गोंधळलं. गादीखालच्या धातूच्या स्प्रिंगा त्याला कारण झाल्या, असं मानलं जातं. शिवाय गोळी उजव्या बाजूलाच आहे अशी मुख्य डॉक्टर ब्लिस यांची खात्री असल्याने शोध उजवीकडेच झाला. गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफिल्ड यांचं निधन झालं. बेल यांच्या उपकरणाने ज्या दोन कारणांनी हात टेकले, तीच आजच्या शेतातही भोवतात : आजूबाजूचा धातू विचारात न घेणं आणि उत्तर आधीच ठरवून शोधायला निघणं.

शिकण्याने किती फरक पडतो याचा याहून थेट पुरावा सुरुंगशोधनातून मिळतो. कमी धातू असलेले सुरुंग शोधताना अमेरिकी लष्करातल्या सैनिकांना त्यांच्या पीएसएस-१२ या डिटेक्टरने फार कमी यश मिळत होतं. दोष यंत्राचाच असावा असं वाटणं साहजिक होतं. कार्नेगी मेलन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स स्टाझेव्स्की यांनी वेगळा मार्ग धरला. तेच यंत्र वापरून सुरुंग अचूक शोधणारा अनुभवी माणूस नेमकं काय करतो, हे त्यांनी बारकाईने टिपलं. तो केवळ आवाज येतो का एवढंच पाहत नव्हता. आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो, या जागा वेगवेगळ्या बाजूंनी हेरून तो मनात त्या वस्तूची बाह्यरेषा आखत होता आणि त्या आकारावरून ती ओळखत होता. हीच पद्धत सैनिकांना शिकवल्यावर, यंत्रात काडीचाही बदल न करता, त्यांची शोधक्षमता अनेक पटींनी वाढली. जिथे चुकीची किंमत जीव आहे, तिथला हा निष्कर्ष छंद म्हणून डिटेक्टर घेणाऱ्याला लागू पडत नाही असं म्हणायला मला काही कारण दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो तयार प्रोग्रॅमचा. कंपनीने शेत, बाग, किनारा असे पर्याय बसवून दिलेले असताना माणसाने डोकं कशाला चालवायचं? आक्षेपात तथ्य आहे. पहिले काही आठवडे त्या प्रोग्रॅमला हात न लावणं हेच शहाणपणाचं, कारण एकाच वेळी पाच सेटिंग बदलणाऱ्याला कशाने काय झालं ते कधीच कळत नाही. पण तयार प्रोग्रॅम सरासरी जमिनीसाठी असतो आणि पायाखाली नेहमी एक विशिष्ट जमीन असते. दुसरा आक्षेप नशिबाचा. जुलै २००९मध्ये टेरी हर्बर्ट यांना इंग्लंडमधल्या हॅमरविच गावाजवळच्या शेतात स्टॅफर्डशायर होर्ड सापडला. सुमारे ४ किलो अँग्लो-सॅक्सन सोनं असलेल्या या ठेव्याचं मूल्यांकन ३२ लाख ८५ हजार पौंड झालं आणि तो सापडला तो जुन्या, स्वस्तातल्या डिटेक्टरने. मग प्रगत यंत्र आणि प्रशिक्षण हवं कशाला? हे उदाहरण यंत्राच्या किमतीविरुद्ध जातं, शिकण्याविरुद्ध नाही. नांगराने वर आणलेलं सोनं पायाखाली असेल तर कोणतंही यंत्र ओरडेल. कौशल्याचा कस लागतो तो खिळ्यांनी भरलेल्या, अनेकांनी आधी पालथ्या घातलेल्या जमिनीत, आणि बहुतेक जमिनी तशाच असतात.

तिसरा आक्षेप पुरातत्त्वज्ञांचा आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. वस्तू जमिनीतून उपटली की ती कुठल्या थरात, कशाशेजारी होती ही माहिती कायमची जाते. मग लोकांना यंत्रात तरबेज करणं म्हणजे विध्वंस वाढवणं नाही का? ब्रिटनमध्ये १९८०च्या सुमाराला याच भावनेतून छंदिष्टांविरुद्ध मोहीमही झाली होती. ही भीती खोटी नाही. २०१५मध्ये लेम्स्टरजवळ दोघांनी सापडलेला ठेवा दडवला. अंदाजे ३०० नाण्यांपैकी जेमतेम ३०च हाती लागली आणि २०१९मध्ये दोघांना लांब मुदतीची शिक्षा झाली. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नोव्हेंबर १९९२मध्ये सफक परगण्यातल्या होक्सन गावी एरिक लॉज शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधत होते. कॉइलखाली चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी निघू लागल्यावर त्यांनी खणणं थांबवलं आणि कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी उरलेला ठेवा जागच्या जागी नोंदवत काढला, म्हणूनच जवळपास १५ हजार रोमन नाण्यांसोबत ज्या पेटीत ते सगळं रचलं होतं तिचीही मांडणी कळली. अमेरिकेत मॉन्टानामधल्या लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर तर डिटेक्टर हीच संशोधनाची पद्धत ठरली. १९८३च्या वणव्यात गवत जळाल्यावर पुढल्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी डिटेक्टरवाल्या स्वयंसेवकांची रांग मैदानावर चालवली. एक गट सिग्नलपाशी झेंडी रोवायचा, दुसरा अलगद उकरायचा, तिसरा जागा मोजून नोंदवायचा. काडतुसांच्या पुंगळ्यांवरच्या बंदुकीच्या खुणा जुळवून तिथे १८७६मध्ये झालेल्या लढाईत कोणती बंदूक कुठून कुठे सरकली हेही मांडता आलं. लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणाऱ्या इंग्लंड आणि वेल्समधल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या नोंदींनी आज १५ लाखांचा टप्पा ओलांडला आहे आणि त्यांतल्या बहुतांश वस्तू डिटेक्टरवाल्यांनीच आणून दाखवलेल्या आहेत. विध्वंस करतं ते अर्धवट शिक्षण. कुठे थांबायचं, जागा कशी नोंदवायची आणि कुणाला कळवायचं, हे कॉइल फिरवण्याइतकंच त्या शिक्षणाचा भाग असलं पाहिजे.

ब्रिटनची ही व्यवस्था तिथल्या कायद्यावर उभी आहे. ती आपल्याकडे जशीच्या तशी गृहीत धरणं धोक्याचं आहे. भारतात १८७८चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर तिचं स्वरूप, सापडल्याची जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. दडवणं हा गुन्हा आहे. संरक्षित स्मारकांच्या आवारात परवानगीशिवाय खणणं तर पूर्णपणे निषिद्ध. गडकिल्ल्यांच्या उतारावर डिटेक्टर घेऊन फिरण्याचा मोह ज्यांना होतो त्यांनी हे आधी वाचावं, असं मी आग्रहाने म्हणेन, कारण तिथे विस्कटलेला थर पुन्हा लावता येत नाही.

सुदैवाने हे यंत्र शिकायला खजिन्याची गरजच नसते. स्वतःच्या परसात एक तुकडा आखून घ्यावा. तिथे आधी डिटेक्टर फिरवून जुना धातू काढून टाकावा आणि मग रुपयाचं नाणं, तांब्याची तार, डब्याची कडी, वाकडा खिळा वेगवेगळ्या खोलीवर पुरून प्रत्येकाची जागा आणि खोली वहीत लिहावी. एक नाणं उभं पुरावं, एक खिळ्याला चिकटून. आठवडाभर फक्त मूळ प्रोग्रॅमवर ऐकावं, मग एका वेळी एकच सेटिंग बदलून तीच फेरी पुन्हा मारावी. पावसाआधी आणि पावसानंतर ऐकावं. ओल्या मातीत आकडे कसे हलतात ते कळतं. शेवटी वही मिटून, पडदा झाकून, निव्वळ हेडफोनवर कुठे काय आहे ते ओळखायचा प्रयत्न करावा. खिळ्याला चिकटलेलं ते नाणं सगळ्यांत उशिरा सापडेल.