रत्नागिरीची बोट

सोलापूरला समुद्र नाही. सिद्धेश्वराचे तळे आणि हिप्परग्याचा तलाव एवढेच काय ते आपले पाणी. तरीही हिंदी मालकीच्या जहाजउद्योगाची उभारणी करणारे शेठ वालचंद हिराचंद २३ नोव्हेंबर १८८२ रोजी याच शहरात जन्मले. कापूस आणि सावकारी हा घरचा व्यवसाय असलेल्या दिगंबर जैन दोशी घराण्यातील या पुरुषाने सहकाऱ्यांसह सिंदिया कंपनी काढली. तिची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली, आणि म्हणूनच तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ही कथा आपल्या घरांत अभिमानाने सांगितली जाते. परंतु त्याच कंपनीच्या छत्राखाली आलेल्या कोकणच्या प्रवासी बोटींची हकीगत सहसा कोणी सांगत नाही. व्यापारी माणसाने तीही ऐकावी अशी आहे.

सोलापूरला आगगाडी १८६० साली आली. रत्नागिरीला ती यायला विसावे शतक सरत आले. मधल्या काळात रत्नागिरीचा हमरस्ता म्हणजे समुद्रच होता. मुंबईहून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरे घेत रत्नागिरीस येई आणि पुढे विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत पणजी गाठी. बहुतेक ठिकाणी बोटीला काठापर्यंत येता येत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, गाठोडी, आंब्याच्या पेट्या पडावातून तिच्यापर्यंत न्याव्या लागत. लाटेवर वरखाली होणाऱ्या पडावातून लेकुरवाळ्या बाईने बोटीवर पाऊल ठेवायचे, हे धाडसच होते. ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग मराठीत ज्या प्रवासाने रूढ केला, तो हाच.

या वाहतुकीला निसर्गाने घातलेला एक नियम होता. पावसाळा तोंडावर आला की बोटी बंद होत. साधुजन चातुर्मासात एके ठिकाणी स्थिर राहतात, तशी बोटीही नांगर टाकून बसे. म्हणून कोकणात ‘आगोट’ भरण्याची रीत पडली: तांदूळ, मीठ, मिरची, सरपण, रॉकेल, सारे मृगापूर्वी घरात आणि दुकानात. दुकानदाराचे भांडवल वैशाखात मालात अडके आणि वसुली गणपतीच्या सुमारास, मुंबईच्या गिरण्यांतून चाकरमान्यांची मनिऑर्डर आली म्हणजे होई. तीन-चार महिने फेरी नाही, हे ठाऊक असल्यामुळे त्याचा बंदोबस्त करता येत असे. पुढे जे झाले त्याचा बंदोबस्त कोणाजवळच नव्हता.

प्रारंभी ही वाहतूक किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या व्यवस्थेखालील बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या हाती होती. तिच्याशी स्पर्धा करण्यासाठी सामान्य माणसांच्या भागभांडवलावर उभी राहिलेली कंपनी लोकांच्या तोंडी ‘माझी आगबोट कंपनी’ झाली. या नावातच सारे आले! (तिच्याच ‘रामदास’ बोटीला १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर जलसमाधी मिळाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली.) पुढे बॉम्बे स्टीमही सिंदियाच्या ताब्यात आली. शेठ वालचंद ८ एप्रिल १९५३ रोजी निवर्तले. त्याच वर्षी सिंदियाने किनाऱ्यावरील प्रवासी वाहतुकीसाठी निराळी कंपनी केली. प्रवाशांचा ताळेबंद मोठ्या मालवाहतुकीच्या ताळेबंदापासून वेगळा पडला. खातेवहीत एखादे खाते वेगळे काढले की त्याचा तोटा उघडा पडतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्यानंतर चौगुल्यांनी आणि मग मोगल लाइनने ही सेवा चालविली. १९९० च्या आसपास ती इतिहासजमा झाली होती.

कारणे उघड आहेत. एस. टी. गावोगाव पोहोचली, खाड्यांवर पूल झाले. बोटीने मुंबईला जाणारी आंब्याची पेटी बागेतून बंदरावर, बंदरावरून पडावात, पडावातून बोटीत आणि पुन्हा धक्क्यावर अशी चार वेळा हाताळली जाई. ट्रक बागेच्या बांधाशी उभा राहून थेट मुंबईच्या बाजारात उतरू लागला. मग उतारू घटले म्हणून फेऱ्या कमी, आणि फेऱ्या कमी म्हणून उतारू आणखी घटले. दुकान दिवसाआड उघडणाऱ्याचे गिऱ्हाईक टिकत नाही. त्याला दोष तरी कसा द्यावा?

रत्नागिरी यातून तरली, कारण ते जिल्ह्याचे ठिकाण होते, आणि आंबा घाटाने त्याला कोल्हापूरची बाजारपेठ जोडलेली होती. मिरकरवाड्याला मासेमारी होती. खरी झळ लागली ती मुसाकाजी, विजयदुर्ग यांसारख्या लहान बंदरांना. बोट थांबत होती म्हणून तेथे वखार होती, हमाल होता, चहाचे दुकान होते. रेल्वेची पूर्ण वाट २६ जानेवारी १९९८ रोजी खुली झाली, तीही किनाऱ्यापासून आत, डोंगरांतून. बंदरांचे दिवस तिने परत आणले नाहीत.

नफ्यात नसलेली, पण गाव जोडून ठेवणारी वाट कोणी चालवायची, हा प्रश्न मात्र तेव्हा नीट मांडलाच गेला नाही, असे माझे मत आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर १८९३ पासून टपालबोट गावोगाव थांबते आणि त्याचा मोबदला सरकार देते. शेजारच्या गोव्यात नदीवरील सरकारी फेरीबोट पायी प्रवाशाकडून पैसा घेत नाही. आपल्याकडे मात्र कंपन्या बदलत राहिल्या, तोटा तोच राहिला.

अलीकडे समुद्र पुन्हा थोडा जागा झाला आहे. २००३ पासून दाभोळ-धोपावे अशी फेरीबोट चालते. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी रो-रो जाते. या दोन्हींचा हिशेब जुन्या बोटींपेक्षा निराळा आहे: यांत माणसाबरोबर त्याची गाडीही भाडे भरते. दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले तर पलीकडचा काठ समोर दिसतो, मोटार बोटीवर चढते आणि रस्त्याने खाडीला घालावा लागणारा लांबचा वळसा वाचतो. मुंबईचा उतारू घेऊन रात्री दिवे लावून येणारी बोट मात्र तेथे आता थांबत नाही.