उत्तराला वेळ लागणारच

गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? दहा भाषांमधली संभाषणं तपासणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली सुमारे ०.२ सेकंद. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपलं उत्तर तयार असतं.

सेरेब्रल पाल्सीमुळे तोंडानं बोलता न येणारं, पण सगळं समजणारं मूल इथंच मागे पडतं. आपण मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द सहज बोलतो. तक्ता किंवा टॅबलेट वापरून बोलणाऱ्याला बहुधा पंधराही जमत नाहीत. हातांवर ताबा नसेल तर आणखी कमी. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळतात. हवी ती ओळ आली की मूल डोक्याशेजारचं बटण मान कलवून दाबतं, मग त्या ओळीतलं अक्षर उजळायची वाट बघतं, पुन्हा दाबतं. ‘क्रिकेट’ लिहायचं तर क, हलन्त, र, वेलांटी, क, मात्रा, ट. सात खुणा, चौदा वेळा बटण. शब्द सुचवण्याची सोय असली तर थोडं निभावतं. तोवर पोरं क्रिकेटवरून डब्यावर गेलेली असतात, नाहीतर कुणी ताई ‘मॅच म्हणायचंय ना?’ म्हणून विषय मिटवून टाकते.

अशा मुलांभोवती घरचे असतात, थेरपिस्ट आणि शिक्षक असतात. मित्र मात्र क्वचित. मैत्रीची ही वाट लेखी गप्पांमधून मोकळी होऊ शकते: चॅटमध्ये दहा मिनिटांनी आलेल्या उत्तराला कुणी उशीर म्हणत नाही. रात्रभर जुळवलेला टोमणा सकाळी ग्रुपवर पडला तरी हशा पिकतोच.

टोमण्याला शब्द हवेत, ही खरी अडचण. आयआयटी मुंबईत घडलेलं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप मराठीतही आहे. चित्राला हात लावला की ते बोलतं. आवडतं-नावडतं, हो-नाही, अजून-कमी अशी बटणं सोबत असतात. सुरुवातीला हे फार उपयोगी. पण अशा साधनांतला शब्दसाठा भरतात मोठी माणसं, आणि त्यांना आधी आठवतं ‘पाणी हवं’, ‘शू लागली’. ‘ए गप, फेकू नकोस’ कोण भरणार? म्हणून चित्रांवर न थांबता लिहा-वाचायला शिकवणं गरजेचं. अक्षरं आली की कुणी न भरलेला शब्दही मुलाचा होतो.

उरतो फोन. व्हॉट्सअ‍ॅपची वयाची अट १३ वर्षांची, त्यामुळे बरंचसं चॅट आईच्या नंबरवरून चालतं. मग काकू वाचतील या धाकानं मित्रही ‘कसा आहेस? अभ्यास झाला का?’ एवढंच लिहितो.