‘अलबेला’मधला ट्रम्पेटवाला: चिक चॉकलेट

रेंज नसल्यामुळे ज्यांचा एपिसोड मध्येच अडकतो, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार.

आमच्या चकलांब्याकडं वरातीत बँड असतो ना, त्यात लांब नळी पुढं-मागं सरकवतात तो ट्रॉम्बोन. आणि त्याच्या शेजारचा छोटा, तीन बटणांचा, खणखणीत आवाजाचा तो ट्रम्पेट. आजची गोष्ट एका ट्रम्पेटवाल्याची आहे.

नाव अँटोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गोव्यातलं हळदोणे गाव. जग त्याला ओळखायचं ‘चिक चॉकलेट’ म्हणून. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि चर्चच्या शाळांत पोरांना पाश्चात्त्य पद्धतीनं सूर लिहायला-वाचायला शिकवायचे. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

१९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. मग असे आणखी कलाकार येत गेले आणि गोव्याच्या पोरांनी ते संगीत उचललं. चिक तर लुई आर्मस्ट्राँगचा इतका भक्त, की तसाच घोगरा आवाज काढून गायचा. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायला लागले. पुढं ताजमध्ये त्याचा स्वतःचा बँड वाजायचा.

मग हा माणूस सिनेमात कसा आला? १९४९ च्या कायद्यानं मुंबईत दारूबंदी आली आणि क्लबांचा धंदा बसला. दुसरीकडं हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा मोठे होत होते. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधायचा. पण वीस-तीस व्हायोलिनं, ट्रम्पेट, सॅक्सोफोन एकत्र वाजवायचे तर प्रत्येकासमोर लिहिलेला कागद हवा. तो लिहिणारे आणि बघून वाजवणारे बरेचसे गोव्याचे. आपल्या भाषेत सांगायचं तर आयडिया एकाची, कोड दुसऱ्याचा.

चिक हा सी. रामचंद्र यांचा सहायक. रामचंद्र म्हणजे आपल्या पुणतांब्याचे चितळकर! १९५१ चा ‘अलबेला’ आठवा. दिग्दर्शक आणि हीरो भगवानदादा, संगीत रामचंद्रांचं. त्यातल्या ‘दीवाना परवाना’ गाण्यात चिक आणि त्याचा बँड झालरीच्या कपड्यांत चक्क पडद्यावर दिसतो. त्याच वर्षी ‘नादान’ या सिनेमाला त्यानं स्वतंत्र संगीतही दिलं.

पण असं नाव फार थोड्यांच्या वाट्याला आलं. रेकॉर्डवर संगीतकार, गायक, गीतकार यांची नावं. वाजवणारे आणि अरेंजर बहुतेक वेळा गायब. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधला अँथनी गोन्सालविस आपण कॉमेडी समजतो, पण ते खऱ्या माणसाचं नाव आहे. गोव्याचे अरेंजर, प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू.

चिक १९६७ मध्ये गेला, जेमतेम पन्नाशी गाठून. आज आपण गाणं लावतो तेव्हा अ‍ॅपवरसुद्धा तीच दोन-तीन नावं दिसतात. म्हणून आजचा होमवर्क: हेडफोन लावून ‘अलबेला’ची गाणी ऐका, फक्त मुखडा आणि अंतरा यांच्या मधलं म्युझिक. तिथं शब्द नाहीत, गायक नाही. तरी अंगात जी लकब येते, ती कुणीतरी कागदावर लिहिली आणि कुणीतरी फुंकून वाजवली. त्यातल्या एकाचं नाव आता तुम्हाला माहितीये.