जोरदार पिकअप गॅरेजमध्ये आली तर : ताकद वाढवण्यापेक्षा टिकवण्यात धंदा

पिकअप म्हटली की आपल्या गॅरेजवाल्या बांधवांच्या डोळ्यांसमोर अजूनही भाजी, मासळी आणि सिमेंट वाहणारी साधी गाडी येते. गेल्या काही वर्षांत मात्र वेगळ्या जातीच्या पिकअप रस्त्यावर आल्या आहेत. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आपल्याकडे २०१६ मध्ये आली आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये. हायलक्सच्या २.८ लिटर डिझेल इंजिनाची ताकद सुमारे २०० अश्वशक्ती आहे. बागायतदार, कंत्राटदार आणि हौशी व्यापारी या गाड्या घेतात. वॉरंटी संपली की त्यातल्या अनेक गाड्या मोहल्ल्यातल्या उस्तादाकडे वळतात.

गाडीबरोबर गिऱ्हाइकाच्या दोन मागण्या येतात. पहिली दुरुस्तीची. दुसरी अशी की, "उस्ताद, थोडी उंच करून द्या, थोडा पिकअप वाढवून द्या." पहिल्या मागणीत रोजी आहे, दुसरीत धोका आहे. हा फरक का, ते आम्ही येथे मांडत आहोत.

ताकद येते कुठून?

व्ही-क्रॉसचे पहिले इंजिन २.५ लिटरचे होते आणि त्याची ताकद सुमारे १३४ अश्वशक्ती होती. २०२१ मध्ये आलेल्या गाडीचे इंजिन केवळ १.९ लिटरचे, पण ताकद सुमारे १६१ अश्वशक्ती. म्हणजे लिटरमागे सुमारे ५४ अश्वशक्ती होती, ती ८५ झाली. इंजिन लहान झाले आणि काम वाढले. हे जमते टर्बो आणि कॉमन रेल यांच्या जोरावर. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब दीड हजार बारच्या वर जातो, आणि नोझलची भोके केसाच्या जाडीशी तुलना करावी इतकी बारीक असतात. अशा यंत्राला घाण आणि चुकीचे ऑइल सोसत नाही.

रोजची निगा

गिऱ्हाइकाला या गोष्टी समजावून सांगाव्यात.

ऑइल कंपनीने पुस्तकात दिलेल्या ग्रेडचेच घालावे. बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो. त्यांना कमी राख सोडणारे ऑइल लागते. साधे ऑइल घातले तर फिल्टर हळूहळू राखेने भरतो.

अंबा किंवा कुंभार्ली घाट भरल्या गाडीने चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नये. इंजिन मिनिट-दोन मिनिटे तसेच चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोत ऑइल जळून बसत नाही.

गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरत असेल, तर काजळीचा फिल्टर साफ होत नाही. अधूनमधून तिला मोठ्या रस्त्यावर सलग चालवावी.

डिझेल फिल्टरमधले पाणी वेळेवर काढावे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. फोर-व्हील गिअर जोडता-सोडता येत असेल, तर तो कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नये. वळणावर पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि त्याचा पीळ गिअरबॉक्सवर येतो.

दुरुस्तीतली शिस्त

गाडी ओढत नाही आणि काळा धूर देते, अशी तक्रार आली की लगेच टर्बोवर बोट ठेवू नये. आधी एअर फिल्टर पाहावा, मग टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप आणि क्लिपा तपासाव्यात. एका फाटलेल्या पाइपमुळेही हेच लक्षण दिसते. काम शेकड्यांचे असताना हजारोंचा टर्बो बदलला, तर गिऱ्हाइकाचा भरवसा उडतो.

टर्बो खरोखर गेला असेल तर तो का गेला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. ऑइलची नळी जळक्या ऑइलने तुंबलेली असेल, तर नवा टर्बोही फार दिवस टिकणार नाही. नळी बदलावी, जुने ऑइल आणि फिल्टर काढावेत, मगच नवा भाग लावावा.

इंजेक्टरचे काम स्वच्छ टेबलावर करावे. सुताचे वेस्ट तेथे नको. अनेक गाड्यांत नवा इंजेक्टर लावल्यावर त्याचा कोड स्कॅनरने कॉम्प्युटरला द्यावा लागतो, म्हणून चांगला स्कॅनर आता पान्याइतकाच गरजेचा झाला आहे.

आणि जिवाची गोष्ट : इंजिन चालू असताना डिझेलची गळती कधीही हाताने चाचपू नये. त्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच क्षणी इस्पितळ गाठावे. उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. शागिर्दांना हे पहिल्याच दिवशी शिकवावे.

फेरफार का महाग पडतो?

मागे कमानीचा एक पाटा वाढवला की गाडी बसत नाही, एवढेच गिऱ्हाइकाला दिसते. पण ॲक्सल, बेअरिंग आणि ब्रेक तेच राहतात. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी किती बसली, त्यावरून तो मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. पाटा वाढवल्याने गाडी उंच राहिली तर तो गाडी रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी देतो. म्हणजे माल वाढला आणि ब्रेक घटला.

टायरचेही तसेच. २४५/७० आर १६ च्या जागी २६५/७५ आर १६ घातला, तर टायरची उंची सुमारे ७ टक्के वाढते. आधी मीटर बरोबर असेल, तर आता तो ८० दाखवताना गाडी ८६ च्या आसपास पळते. ओढ कमी होते आणि ब्रेकवर ताण येतो.

कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून डिझेल आणि हवा वाढवली की ताकद वाढते, हे खरे. पण वाढलेली उष्णता पिस्टन आणि टर्बो सोसतात, वाढलेला जोर क्लच आणि गिअरबॉक्स सोसतात. दोष मात्र उस्तादाच्या माथी येतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला. नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल, असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. जादा मालासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्याचे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. अपघात झाला तर विमा कंपनी अशा बदलांवर बोट ठेवते, ते वेगळेच.

मग कोणते काम घ्यावे? हौद्याला रबरी अस्तर, ताडपत्रीचे आच्छादन, सीट कव्हर, खाऱ्या हवेसाठी खालून गंजरोधक लेप, मूळ मापाचे चांगले टायर, ब्रेक आणि कमानीची वेळेवर दुरुस्ती, ही कामे भरपूर आहेत. सांगाड्याजवळ वेल्डिंग करताना बॅटरीची तार काढावी आणि अर्थ कामाच्या जागेजवळच लावावा, नाहीतर कॉम्प्युटर जळू शकतो.

आमची गॅरेजवाल्या बांधवांना एवढीच सूचना आहे की, प्रत्येक कामाचे बिल लिहून द्यावे. त्यात किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि बदललेले भाग नोंदवावेत. जे काम कायद्यात बसत नाही, त्याला गोड शब्दांत नकार द्यावा. एखादे गिऱ्हाईक नाराज होऊन दुसरीकडे जाईल. पण ज्याची गाडी तुमच्या हातून घाट सुखरूप उतरते, तो आणखी चार गिऱ्हाइके घेऊन येतो.