गोदाकाठची गारगोटी आणि अंगठीतला अकीक

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की काही मुलांच्या बोटांत नव्या अंगठ्या दिसू लागतात. चांदीच्या कोंदणात लालसर, तपकिरी किंवा पट्ट्यापट्ट्यांचा नगीना. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "अम्मीने आणून दिली. अकीक आहे, कामात यश येते." घरी वह्या-पुस्तकांसाठी ओढाताण, पण नगीन्यासाठी मात्र पैसे जमवलेले असतात. अशा वेळी मुलांवर रागावून काही साधत नाही, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. त्यापेक्षा मुलाच्या हाती नदीकाठचा ओबडधोबड अकीक द्यावा आणि घरीच त्याला चमक आणायला सांगावे. जी वस्तू आपण स्वतः महिनाभर खपून घडवली, तिला आपले नशीब घडवण्याची ताकद आहे असे मानणे मग अवघड जाते.

दगड आपल्याच मुलखातला

नांदेडकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. गोदावरीच्या पात्रातील गोट्यांत, ओढ्या-नाल्यांच्या काठी, नांगरटीनंतर काळ्या रानात वर आलेल्या दगडांत पांढरट, पिवळसर, मेणासारखे दिसणारे तुकडे सापडतात. आपण त्यांना गारगोटी म्हणून पायाने बाजूला सारतो. त्यांतलेच काही अकीक असतात. लातूरकडच्या वाचकांनी मांजरा आणि तेरणा या नद्यांच्या काठी पाहावे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. तो थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिले आणि एकेक पातळ थर जमत गेला. अकीकातल्या पट्ट्या म्हणजे हेच थर. भोवतीचा काळा दगड झिजून त्याची माती झाली, अकीक कठीण असल्यामुळे उरला आणि पुरांबरोबर वाहत नदीत आला. जिल्ह्याच्या आग्नेयेला, देगलूर-मुखेडकडे, हा काळा दगड संपून ग्रॅनाइट लागतो. म्हणून अकीक शोधायचा तर काळ्या दगडाच्या मुलखातला ओढा बरा.

हा दगड आपल्या भागातून जगभर जात असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे की गोदावरीकाठच्या पैठणहून पट्टेदार दगड गाड्या भरून भडोचच्या बंदराला जात. त्याच ग्रंथात तगर, म्हणजे लातूरजवळचे तेर, तिथल्या कापडासाठी नावाजले आहे.

ओळख पटवायची कशी

घरी आणलेला प्रत्येक गोटा चमकत नाही. तीन सोप्या परीक्षा आहेत. पहिली, दगडाने जुन्या काचेच्या तुकड्यावर ओरखडा काढून पाहावा. अकीक काचेला चरा पाडतो, आणि चाकूच्या टोकाने त्याच्यावर मात्र चरा पडत नाही. दुसरी, उन्हासमोर धरला तर त्याच्या पातळ कडेतून उजेड आरपार दिसतो. तिसरी, लिंबाचा थेंब टाकून पाहावा. फेस आला तर तो कॅल्साइट, म्हणजे मऊ दगड, तो बाजूला काढावा. कठीण आणि मऊ दगड एकत्र फिरवले तर मऊ दगडाचा चुरा होतो.

गोळा करताना मर्यादा पाळावी. एका घराला दीड किलो गोटे महिनाभर पुरतात. वाळूघाटावर आणि पुराच्या पाण्याजवळ जाऊ नये. रान दुसऱ्याचे असेल तर मालकाची परवानगी घ्यावी.

महिनाभराचे काम

यंत्राला टंबलर म्हणतात. रबराचा एक बंद डबा दोन रुळांवर आडवा ठेवलेला असतो आणि लहान मोटर तो सावकाश फिरवत राहते. आतले दगड एकमेकांवर घासतात. नदी जे काम हजारो वर्षांत करते, तेच इथे चार-पाच आठवड्यांत होते.

डबा दगडांनी दोन तृतीयांश ते पाऊण भरावा. लहान-मोठे दगड मिसळावेत, म्हणजे फटी भरतात. सव्वा ते दीड किलोच्या डब्यात चार मोठे चमचे सिलिकॉन कार्बाइडची जाड पूड घालावी. हार्डवेअरवाले तिला कार्बोरंडम म्हणतात. वरच्या दगडांच्या थोडे खाली राहील इतके पाणी ओतावे, झाकण घट्ट लावावे आणि यंत्र रात्रंदिवस चालू द्यावे. नंबर जितका मोठा तितकी पूड बारीक. पहिल्या आठवड्यात ६० ते ९० नंबर, दुसऱ्यात १२० ते २२०, तिसऱ्यात ५०० किंवा ६००, आणि शेवटी चमक आणण्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड. पहिला टप्पा दगडाला आकार देतो. खाचा राहिल्या असतील तर तोच टप्पा आणखी एक आठवडा चालवावा, पुढे जाण्याची घाई करू नये.

सगळ्यात महत्त्वाचे काम दोन टप्प्यांच्या मधले. दगड, डबा आणि झाकण मऊ ब्रशने कानाकोपऱ्यातून धुवावे लागते. जाड पुडीचा एक कण जरी पुढच्या टप्प्यात गेला तरी चमकत्या दगडावर ओरखडे उमटतात. मुलांना हे काम कंटाळवाणे वाटते, पण शिकण्यासारखे खरे इथेच आहे. ओला दगड नेहमीच चमकतो, त्यामुळे परीक्षा कोरड्या दगडाची घ्यावी. पुसून वाळवल्यावरही तो ओल्यासारखा दिसला तर काम झाले.

वीज गेली तर बिघडत नाही, आल्यावर यंत्र पुन्हा सुरू करावे. बराच काळ बंद राहणार असेल तर मात्र डबा उघडून धुवावा, नाहीतर गाळ घट्ट बसतो. आत वायूही साठू शकतो, म्हणून दिवसातून एकदा झाकण सैल करावे. २५ वॅटची मोटर चार आठवडे अखंड चालली तर सुमारे १७ युनिट वीज लागते. खडखड आवाज होतो, तेव्हा यंत्र झोपण्याच्या खोलीपासून दूर, सावलीत ठेवावे.

चमकेची किंमत

अकीक घडवण्यात खंबायतच्या कारागिरांचा हात आजही कुणी धरत नाही. भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतून दगड यायचा. तिथे सिद्दी समाजाचे संत बावा गोर यांचा दर्गा आहे आणि या व्यवसायाशी त्यांचे नाव जोडले जाते. तपकिरी दगड भट्टीत तापवला की त्यातल्या लोहामुळे तो लाल होतो. बाजारातले पुष्कळ 'लाल अकीक' असे आगीतून निघालेले असतात. पूर्वी मणी आणि बारीक पूड चामड्याच्या पिशवीत भरून, समोरासमोर बसलेले दोन कारागीर ती पिशवी दिवसेंदिवस एकमेकांकडे ओढत-लोळवत. आजच्या टंबलरचे मूळ तेच.

पण कोरड्या सहाणेवर घासताना सिलिकाची जी धूळ उडते ती फुप्फुसात जाऊन बसते आणि पुन्हा बाहेर येत नाही. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही आणि रुग्णाला क्षयरोगाचा धोका वाढतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबायतच्या कारागिरांत त्याचा अभ्यास केला आहे. काम घराघरांतून चालत असल्याने कधी सहाणेला हात न लावलेल्या घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या श्वासातही ही धूळ जाते. यश यावे म्हणून आपण बोटात घालतो तो नगीना एखाद्या गरीब कारागिराचा श्वास घेऊन आलेला असू शकतो.

म्हणून घरी हा छंद करताना दगड कधीही कोरडा घासू नये. टंबलरमध्ये पाणी असते, धूळ उडत नाही, हा त्याचा मोठा गुण. पूड ओतताना तोंडावर मास्क असावा. उरलेला राखाडी गाळ मोरीत ओतू नये, तो सिमेंटसारखा बसून नळी तुंबवतो. बादलीत खाली बसू द्यावा, वरचे पाणी मातीत ओतावे आणि गाळ ओलसर असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावा. वाळला तर तीच धूळ पुन्हा घरात उडेल.

दगड आणि श्रद्धा

अंगठी घालण्यात गैर नाही. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची अंगठी चांदीची होती व तिचा नगीना हबशी होता, असे हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत सहीह मुस्लिममध्ये आले आहे. त्यांच्या अंगठीचा उपयोग राजांना पाठवायच्या पत्रांवर मोहोर उमटवण्यासाठी होत असे. मात्र अकीक घातल्याने बरकत येते, अशा अर्थाची रिवायत इमाम इब्न जौजी यांनी रचलेल्या रिवायतींत गणली आहे. हजरत उमर (रजि.) यांनी हजर-ए-अस्वदचे चुंबन घेतानाही स्पष्ट सांगितले होते की हा दगड ना लाभ देऊ शकतो ना हानी, आपण केवळ प्रेषितांचे अनुकरण करतो आहोत. काबागृहातल्या दगडाबद्दल ही भूमिका असेल तर बाजारातल्या नगीन्याबद्दल वेगळे काय सांगावे?

दिव्य कुरआनने दगडाकडे पाहायला मात्र शिकवले आहे. सूरह फातिरच्या सत्ताविसाव्या आयतीत डोंगरांतल्या पांढऱ्या, लाल आणि गडद काळ्या पट्ट्यांकडे लक्ष वेधले आहे आणि लगेच पुढच्या आयतीत अल्लाहचे भय बाळगणाऱ्या ज्ञानवंतांचा उल्लेख आहे. मुलाच्या तळहातावर स्वतः घडवलेला अकीक असतो, तेव्हा त्या पट्ट्या त्याला जवळून दिसतात. त्या कोणी आणि किती काळात घातल्या, हा प्रश्न त्याला आपोआप पडतो.

सुट्टीत चार घरांनी मिळून एक यंत्र घेतले तरी चालते. तयार झालेले दगड ईदला अम्मीला, आपाला, शेजारच्या काकूंना भेट द्यावेत. कोणी विचारले की याने काय होते, तर मुलाने सरळ सांगावे, "काही होत नाही. सुंदर दिसतो आणि चमकवायला महिना लागतो." परीक्षेच्या अभ्यासालाही साधारण हेच लागू पडते.