करिंथकरांस, तामलवाडीमार्गे

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तुळजापूरहून सुटलेली एसटी सोलापूरला वेळेवर पोचलेली मी तरी पाहिलेली नाही. भवानीज्योत घेऊन अनवाणी धावणारी पोरं, त्यांच्यामागे गाणी लावलेले टेम्पो, आणि सगळ्यांना वाट देत सरकणारी आमची गाडी. तामलवाडीच्या टोलनाक्याजवळ ती थांबलीच. पलीकडच्या बाकावरच्या बाईंनी मांडीवरची पिशवी सोडून खोबऱ्याचा तुकडा आणि पेढा काढला व माझ्या मावशीपुढे धरला. "घ्या ताई, आईचा प्रसाद."

मावशीची हयात सोलापुरात संडेस्कूल शिकवण्यात गेलेली. तिने दोन्ही हातांनी प्रसाद घेतला, रुमालात ठेवला आणि डब्यातली शंकरपाळी त्या बाईंच्या ओंजळीत ओतली. बाई खूश. प्रसाद मात्र मावशीने तोंडात टाकला नाही. गाडी हलल्यावर मी हळूच विचारलं, तर म्हणाली, "पहिलं करिंथ, आठवा अध्याय."

पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला हा अध्याय मराठी बायबलमध्ये सुरूच होतो तो मूर्तींच्या नैवेद्यापासून. लंडनच्या वाचकाला इथे तळटीप लागते. तामलवाडीच्या रस्त्यावर कुणाला लागेल?

नव्या करारातल्या 27 पुस्तकांपैकी 21 पत्रं आहेत आणि त्यांतल्या 13 पत्रांवर पौलाचं नाव आहे. पण त्यांना पुस्तकं म्हणणं तसं चुकीचंच. ती टपाल होती. पौल सांगे, लेखनिक लिहून घेई. रोमकरांच्या पत्रात तर तेर्तियस नावाचा लेखनिक मध्येच स्वतःचा सलाम घालून मोकळा होतो. गावात पत्र आलं की पोस्टमननेच ते ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवायचं, ही पद्धत आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल. तशीच ही पत्रं जमलेल्या मंडळीला वाचून दाखवली जात. पहिलं करिंथकरांस पत्र साधारण इसवी सन 54 च्या सुमाराचं, इफिसहून धाडलेलं. तेही बरंचसं उलट टपाली उत्तर आहे. करिंथकरांनी आधी काही प्रश्न लिहून पाठवले होते. ते पत्र हरवलं, उत्तर उरलं. माझ्या मते ही पत्रं आजच्या जगण्याला लावताना निम्म्याहून जास्त घोटाळे इथेच होतात. प्रश्न कोणता होता हे न बघता उत्तर तेवढं भिंतीवर टांगलं जातं.

करिंथ हे दोन बंदरांचं गजबजलेलं शहर. देवळात बळी दिलेल्या जनावरांचं मांस बाजारातही यायचं. तिथल्या अस्क्लेपिअसच्या देवळाला लागून जेवणाच्या खोल्या होत्या, त्या उत्खननात सापडल्या आहेत. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांत पपायरसच्या चिठ्ठ्या मिळाल्या, सरापिस देवाच्या पंक्तीला जेवायला या अशा आमंत्रणांच्या. यजमान माणूसच, पण पंगत देवाची.

आमच्या भागात ख्रिस्ती घर एकटं नसतं. चुलते-मामे अजून भवानीचेच भक्त असतात. भावकीत लग्न निघतं, पत्रिका येते. लग्नाला जायचंच, पंगतीला बसायचंच. पण लग्नानंतरच्या गोंधळाचं काय? संबळ वाजतं, दिवटी पेटते, चौकावर घट मांडला जातो. तिथे बसायचं की पाहुण्यांसोबत बाहेर चहा घेत थांबायचं? पौलाने जवळजवळ याच प्रश्नाचं उत्तर दिलंय, आणि तेही एका फटक्यात नाही. बाजारात मिळेल ते विचारपूस न करता खा. कुणी घरी बोलावलं तर वाढतील ते खा. पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी सोडून दे. आणि देवाच्या पंक्तीला बसू नकोस.

गंमत अशी की मूर्तीत काही नाही, हे त्यालाही कबूलच आहे. त्याची काळजी पदार्थाची नाही, कालपरवा मंडळीत आलेल्या माणसाची आहे. जुन्याजाणत्याला बिनधास्त खाताना पाहून तो गोंधळेल, मनाविरुद्ध खाईल आणि आतून मोडेल. मावशीच्या मंडळीतही दोन तट आहेत. एकाला प्रसाद हातातही घेणं पटत नाही, दुसरा म्हणतो, गूळ-खोबरं ते गूळ-खोबरं. दोघांच्याही हाताशी हाच अध्याय. माझा कल दुसऱ्यांकडे होता. पण त्या नव्या माणसाचा विचार त्यांच्या बोलण्यात कुठेच येत नाही, हे मला खटकतं.

अकराव्या अध्यायातला प्रश्नही पंगतीचाच. करिंथचे खातेपीते लोक प्रभुभोजनाला आधी येऊन जेवून घेत. कामावरून उशिरा येणाऱ्या मजुरांसाठी काही उरत नसे. पहिल्या पंगतीला कोण बसतं आणि भांडी खरवडायची वेळ कुणावर येते, हे महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त सोवळं-ओवळं सुटण्याची जी कहाणी येते, ती या अध्यायाच्या शेजारी ठेवून वाचावी. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तिथवर यायला आणखी पाच वर्षं लागली. पाण्याचा पेला कुणाच्या हातचा घ्यायचा, हा त्यांच्यासाठी तत्त्वज्ञानाचा प्रश्न नव्हता, रोजच्या स्वयंपाकघराचा होता.

सगळ्यात अवघड आहे चौदाव्या अध्यायातली बायकांनी मंडळीत गप्प राहण्याची आज्ञा. काही जुन्या हस्तलिखितांत ती ओवी अध्यायाच्या शेवटी आहे. म्हणून ती मागाहून घुसली असावी, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. शिवाय याच पत्रात तीन अध्याय आधी बायका प्रार्थना करतात, संदेश देतात, आणि पौल फक्त डोक्यावरच्या पदराबद्दल बोलतो. आता केडगावला या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत सबंध बायबल आणलं. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. ग्रंथ 1924 मध्ये निघाला. छापखाना त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनचा, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका. 'गप्प राहा' ही ओळसुद्धा एका बाईने भाषांतरली आणि बायकांनीच खिळा-खिळा लावून छापली. या आज्ञेवर याहून सरस भाष्य माझ्या पाहण्यात नाही.

सोलापूर स्टँडवर उतरलो तेव्हा अंधार पडला होता. मावशीने रुमाल सोडून पेढा-खोबरं रिक्षावाल्यापुढे धरलं. "तुळजापूरचं आहे बरं का, दादा." त्याने ते कपाळाला लावलं, तोंडात टाकलं आणि रिक्षाला किक मारली.