देशाच्या ऊर्जेचा जमाखर्च

२०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतातील कोळशाच्या उत्पादनाने १०० कोटी टनांची मर्यादा प्रथमच ओलांडली. खाणकामगारांच्या आणि अभियंत्यांच्या कष्टांचे ते फळ होते आणि त्याचे कौतुक झाले ते उचितच झाले. परंतु टन हे वजनाचे माप आहे, उष्णतेचे नव्हे, आणि बाष्पकात कोळसा लोटणाऱ्याला जी हवी असते ती उष्णता एका टनात किती दडलेली आहे, हे टनांच्या बेरजेवरून कळत नाही. देशाची ऊर्जा मोजण्याच्या शास्त्राचा आरंभ या साध्या अडचणीपासून होतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दरसाल ऊर्जेच्या आकडेवारीचा एक ग्रंथ प्रसिद्ध करते. कोळसा मंत्रालय, पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन व विश्लेषण कक्ष आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण यांच्या दप्तरांतील नोंदी त्यात एका ताळेबंदात मांडलेल्या असतात. जमेच्या बाजूस खाणी, विहिरी, धरणे आणि आयात. खर्चाच्या बाजूस कारखाने, वाहने, शेते आणि घरे. कोष्टके पाहताना असे वाटते की, हे सारे आकडे एकाच तोलाचे आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. त्यांतील काही प्रत्यक्ष मोजलेले आहेत, काही गणिताने काढलेले आहेत, तर काही निव्वळ अजमासाचे आहेत. आणि या तीन प्रकारांतील भेद ज्याच्या ध्यानी येत नाही त्याला देशाच्या ऊर्जेविषयी बरेच काही वाचूनही थोडेच कळते.

कोळशाचेच पाहू. मालगाडीच्या एका खेपेत सुमारे ४,००० टन कोळसा येतो. त्यातील काही डब्यांतून ठिकठिकाणचा माल उचलून तो फोडतात, त्याची शंकूच्या आकाराची रास घालतात, रास चपटी करून तिचे चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन भाग टाकून उरलेले दोन पुन्हा एकत्र करतात, आणि हाच क्रम पुनःपुन्हा करीत अखेरीस पिठासारखी बारीक पूड हाती ठेवतात. त्या पुडीतील साधारण एक ग्रॅम पोलादी पात्रात दाबाखालील ऑक्सिजनमध्ये जाळून भोवतालच्या पाण्याचे तापमान किती चढले ते पाहिले की उष्मांक निघतो. ४,००० टन म्हणजे ४०० कोटी ग्रॅम. त्यांच्या वतीने साक्ष देतो तो हा एक ग्रॅम! रास घालणाऱ्याने चार दगड बाजूला सारले, तर प्रयोगशाळेतील सूक्ष्म तापमापकाचा काही उपयोग नाही. १ जानेवारी २०१२ पासून आपल्याकडे कोळशाची प्रतवारी एकूण उष्मांकावर होते आणि प्रतींमधील अंतर बहुतांशी ३०० किलोकॅलरींचे असते. त्यामुळे नमुन्यातील अल्पशी चूकही किमतीत उतरते, आणि खाण व वीजकेंद्र यांच्यामध्ये प्रतीच्या घसरणीवरून सतत तंटे चालतात ते याच कारणाने.

आपल्या कोळशात राखेचे प्रमाण फार. किलोमागे ४,००० किलोकॅलरी देणारा कोळसा वीजकेंद्रांत सर्रास जळतो, आणि त्यापासून एक युनिट वीज निर्माण करण्यास साधारण ६०० ते ७०० ग्रॅम लागतात. निरनिराळी इंधने एका पंक्तीस बसवण्यासाठी तज्ज्ञांनी ‘तेलतुल्य टन’ हे माप ठरवले असून त्याचे मूल्य १ कोटी किलोकॅलरी आहे. त्या मापाने या कोळशाचा एक टन ०.४ भरतो, आणि ६,००० किलोकॅलरींचा आयात कोळसा ०.६ भरतो. तेव्हा टनांची तुलना करून आयातीचे प्रमाण काढणारा मनुष्य आपले परावलंबन नकळत कमी लेखत असतो.

साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या तज्ज्ञांनी याहून निराळी वाट चोखाळली होती. १९६५ साली अहवाल देणाऱ्या ऊर्जा पाहणी समितीने आणि तिच्यानंतर १९७४ साली इंधन धोरण समितीने असा प्रश्न विचारला की, अमुक इंधन जे काम करते तेच काम कोळशाकडून करून घ्यावयाचे झाल्यास किती कोळसा लागेल? या हिशेबाने एक टन डिझेल सुमारे ९ टन कोळशाच्या बरोबरीचे ठरे. कारण वाफेच्या इंजिनात कोळशाची बहुतेक उष्णता धुराड्यावाटे निघून जाई आणि डिझेलचे इंजिन तितकी उधळमाधळ करीत नसे. वाफेची इंजिने गेली आणि हे मापही मागे पडले. तरीही इंधनात किती उष्णता आहे याऐवजी त्याने किती काम झाले, हे विचारण्यातील शहाणपणा मला आजही मोलाचा वाटतो.

त्याची उणीव कोठे भासते, ते तारापूरचे अणुवीजकेंद्र आणि कोयनेचे जलविद्युत केंद्र यांच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने रूढ केलेल्या पद्धतीत अणुविजेचे एक युनिट अणुभट्टीतील उष्णतेच्या रूपाने, ३३ टक्के कार्यक्षमता धरून, म्हणजे सुमारे २,६०० किलोकॅलरी असे जमेस धरतात. जलविद्युत, पवन व सौर यांचे युनिट मात्र केवळ ८६० किलोकॅलरींचे. घरातला दिवा दोन्हींवर सारखाच जळतो. यातून असा चमत्कार घडतो की, कोळशाच्या विजेची जागा सूर्याच्या विजेने घेतली म्हणजे देशाचा ‘प्राथमिक ऊर्जापुरवठा’ कागदावर घटतो, आणि जलविद्युत व सौर यांचा त्यातील हिस्सा त्यांच्या प्रत्यक्ष कामाच्या मानाने फारच लहान दिसतो. यात लबाडी काही नाही, हा एक संकेत आहे. पण संकेत ठाऊक नसलेल्या वाचकाची दिशाभूल होतेच.

स्थापित क्षमता आणि निर्मिती यांची गल्लत तर नित्याचीच. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. ती वर्षभर अखंड चालली तर १,७०० कोटींहून अधिक युनिटे होतील. प्रत्यक्षात त्याच्या पाचव्या हिस्स्याइतकीही होत नाहीत, कारण कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यास दिलेले पाणी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट एवढेच आहे. हा कोयनेचा दोष नव्हे; सायंकाळी मागणी एकाएकी चढते तेव्हा काही मिनिटांत धावून येण्यासाठीच ती एवढी मोठी बांधली आहे. २०२५ च्या मध्यास देशाची निम्मी स्थापित क्षमता कोळसा, वायू व तेल यांखेरीजच्या साधनांची झाली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु वर्षभरात निर्माण होणाऱ्या विजेपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश अद्याप कोळशापासून येते, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

आता खर्चाची बाजू, जिथे अजमासाचे राज्य सुरू होते. २०२३-२४ मध्ये दरडोई विजेचा वापर १,३९५ युनिट होता. १९४७ साली तो सुमारे १६ युनिट होता. ही वाढ थोर आहे. मात्र या आकड्यात एकूण निर्मितीला लोकसंख्येने भागलेले असते, म्हणजे तारांत नष्ट झालेली आणि चोरीला गेलेली वीजही तुमच्या-माझ्या नावावर पडते. नष्ट किती झाली, हे तरी कळते का? वाहिनीत किती वीज सोडली ते उपकेंद्रातील मीटर सांगतो. घरे, दुकाने, गिरण्या यांनी किती घेतली ते त्यांचे मीटर सांगतात. राहिली ती शेतीपंपांची आणि गळतीची मिळून. ज्या लाखो पंपांना मीटर नाहीत, किंवा असून बंद पडले आहेत, त्यांची आकारणी अश्वशक्तीवर होते, आणि त्यांचा खप ठरवला जातो तो पूर्वी पिकाची आणेवारी नजरेने ठरवीत त्याच जातीच्या अंदाजाने. शेतीच्या नावावर अधिक टाकले की गळती कमी दिसते, शिवाय अनुदानाचा हिशेबही त्याच आकड्यावर चालतो. त्यामुळे अंदाज चढा राहण्यात वितरकाचे हित असते. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेचा ऊर्जा गट हा प्रश्न वर्षानुवर्षे मांडीत आला आहे. गावठाणाची वाहिनी आणि शेतीची वाहिनी वेगळी केल्याने निदान वाहिनीपर्यंतचा हिशेब लागू लागला. परंतु एप्रिल २०२४ पासून महाराष्ट्रात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांना वीजबिल माफ झाले आहे, आणि जिथे बिल नाही तिथे मीटर वाचण्याची निकडही राहत नाही. शेतकऱ्याला सवलत द्यावी याविषयी माझे दुमत नाही. सवलत किती युनिटांची दिली, हे मोजून सांगावे, एवढेच मागणे आहे. कारण ज्याच्या शेतात रात्री दोन वाजता कमी दाबाची वीज येते, त्याच्या नावावर कागदोपत्री भरपूर वीज खर्ची पडलेली असणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

किमतींचा विषय खरोखर स्वतंत्र लेखाचा. घरी येणारे वीजबिल हाती घेऊन पाहिले तरी स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क अशी उतरंड दिसते. ‘विजेचा दर’ म्हणून एकच आकडा कोणी सांगितला तर तो यांपैकी कोणता, हे विचारून घ्यावे. खाणीच्या तोंडाशी स्वस्त असलेला कोळसा रेल्वेने दूरच्या वीजकेंद्रापर्यंत पोचेतो कित्येकदा दुप्पट महाग होतो. खनिज तेलाची आपली गरज तर ८५ टक्क्यांहून अधिक आयातीवर भागते, आणि तिथे किंमत ठरवणे आपल्या हाती नाही.

परंतु किंमत आणि खप यांचे नाते जितके स्वयंपाकाच्या गॅसमध्ये उघडे पडते तितके अन्यत्र क्वचितच. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आज तिच्या जोडण्या १० कोटींवर आहेत. दर जोडणीमागे वर्षाला १४.२ किलोचे सिलिंडर किती भरून नेले, याची पक्की नोंद असते, कारण तिथे पावती फाटते. २०१९-२० मध्ये ही सरासरी ३ च्या आसपास होती. २०२०-२१ मध्ये टाळेबंदीच्या काळात सिलिंडर विनामूल्य मिळाले तेव्हा ती ४.३९ वर गेली. पुढील वर्षी फुकट सिलिंडर थांबले, भाव चढले, आणि ती ३.६८ वर उतरली. ज्या घरात सारा स्वयंपाक गॅसवर होतो तिथे चार-पाच माणसांना वर्षाला साधारण आठ-नऊ सिलिंडर लागतात. मग उरलेले अन्न कशावर शिजते? सरपणावर, गोवऱ्यांवर, विदर्भात कापसाच्या पऱ्हाट्यांवर. डोक्यावरून मोळी आणणाऱ्या स्त्रीला पावती मिळत नाही, म्हणून तिने आणलेली ऊर्जा देशाच्या ताळेबंदात एक तर येतच नाही, किंवा जुन्या पाहण्यांवरून काढलेल्या अंदाजाने येते. २०११ च्या जनगणनेत ४९ टक्के कुटुंबांचे मुख्य इंधन लाकूड होते, गॅस २८.५ टक्क्यांचे. त्या ‘मुख्य’ शब्दामुळे ज्या घरात सकाळचा चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर होते, त्याची दुसरी अर्धी कहाणी गणनेत उतरत नाही.

हे मोजता येत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. १९७७ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातील पुरा या सुमारे साडेतीनशे वस्तीच्या गावी जाऊन लाकूड, रॉकेल, वीज, बैलांचे श्रम आणि माणसांचे श्रम या सर्वांची घरोघर मोजदाद केली, आणि गावाच्या ऊर्जेत सरपणाचा हिस्सा बाकी साऱ्या साधनांच्या कित्येक पट असल्याचे दाखवून दिले. त्यासाठी लागला तो लाकूड तोलण्याचा काटा, नोंदवही आणि गावात थांबण्याची तयारी. प्रत्येक जिल्ह्यातील मूठभर गावांत, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीनही ऋतू, मोळ्या तोलून आणि चुलीपाशी बसणाऱ्या बायकांना विचारून अशी पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने हाती घ्यावी, आणि तिचे आकडे कोळशाच्या आकड्यांशेजारी त्याच ग्रंथात, त्याच पानावर छापावेत.